पलीकडच्या तीरावरचे द्यूतगृह

डिसेंबर महिन्यात नागपुरात राज्याचे विधिमंडळ भरते. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराचा तो परिपाक होय. काही अपवाद वगळता मुंबईचे सरकार दर हिवाळ्यात काही दिवसांपुरते विदर्भात मुक्कामाला येते. त्याच महिन्यात नागपूरकरांचा एक वर्ग उलट दिशेने, गोव्याकडे, निघालेला असतो. समुद्र, नाताळ, सुट्टी ही कारणे आहेतच. पण गेल्या पंचवीस वर्षांत या हिवाळी मुक्कामात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, ती म्हणजे मांडवीत नांगरून ठेवलेल्या एखाद्या जहाजावर किंवा पंचतारांकित हॉटेलातील कॅसिनोत घालवलेली रात्र. महाराष्ट्रात जुगाराचा अड्डा चालवणे किंवा तेथे खेळताना सापडणे हा १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तीच कृती तिकीट काढून करावयाची करमणूक ठरते. माणूस तोच, पत्ते तेच, खिशातले पैसेही तेच. पायाखालची भूमी तेवढी बदललेली.

द्यूतगृह असे सीमेच्या पलीकडेच का असते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर कायद्याचा वाटतो. पण कायद्याच्या इतिहासाबरोबर साहित्याचा इतिहास ठेवून पाहिला तर त्यातून काही वेगळे हाती लागते, आणि गंमत अशी की या शोधात विदर्भ पुन्हा पुन्हा वाटेत येतो.

प्रथम युरोपातील हिवाळा पाहू, कारण ज्याला आपण कॅसिनो हॉटेल म्हणतो त्याची घडण तेथील आहे. १८३७ सालच्या अखेरीस फ्रान्सने पॅरिसमधील सार्वजनिक द्यूतगृहे बंद केली. जुगार त्यामुळे थांबला नाही. तो ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मन संस्थानांत गेला. बाडेन-बाडेन, विस्बाडेन, होम्बुर्ग ही औषधी पाण्याच्या झऱ्यांची गावे. तेथे प्रकृतीसाठी येऊन राहणाऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामाला रूलेटच्या चक्राची जोड मिळाली. होम्बुर्गचे द्यूतगृह १८४१च्या सुमारास चालवायला घेणारे ब्लांक बंधू फ्रेंच होते, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे एकसंध जर्मनीने १८७२च्या अखेरीस आपली द्यूतगृहे बंद केली. तोवर दोघांपैकी फ्रांस्वा ब्लांक याने १८६३मध्येच मोनाकोच्या चिमुकल्या राज्यात नवे बस्तान बसवले होते. भूमध्य समुद्राच्या त्या किनाऱ्यावर थंडीचे महिने काढण्याची युरोपातील धनिकांची रीत होती. १८६८मध्ये आगगाडी मोनाकोपर्यंत पोहोचली आणि माँटे कार्लो हे हिवाळी मुक्कामाचे ठिकाण झाले. दुसऱ्याच वर्षी तेथील राजाने प्रजेवरील प्रत्यक्ष कर माफ केले. मात्र मोनाकोच्या प्रजाजनांना त्या द्यूतगृहात खेळण्याची मनाई होती. नफा आपला, नुकसान पाहुण्याचे, असा तो सरळ हिशोब होता.

हा हिशोब एकदा लक्षात आला की जगभर त्याची उदाहरणे दिसू लागतात. कॅलिफोर्नियाच्या माणसाला नेवाडा, हाँगकाँगच्या माणसाला मकाव, भारतीयाला काठमांडू. नेपाळमध्ये सोल्टी हॉटेलात १९६८ साली कॅसिनो सुरू झाला. त्याचा मोठा ग्राहक भारतीय, आणि नेपाळी नागरिकाला तेथे खेळण्यास बंदी. प्रत्येक ठिकाणी दोन राज्ये एका व्यवहारात सामील असतात. एक राज्य बंदी घालून स्वच्छ राहते, दुसरे परवानगी देऊन श्रीमंत होते, आणि मधल्या रेषेवरून माणसे येत-जात राहतात. पहिल्याची बंदी हेच दुसऱ्याचे भांडवल असते.

हे दोन पक्ष आपल्या परंपरेत अगदी जुने आहेत. मनुस्मृतीने राजाला द्यूत आणि समाह्वय, म्हणजे निर्जीव साधनांनी खेळलेला जुगार आणि प्राण्यांच्या झुंजींवर लावलेल्या पैजा, ही दोन्ही राज्यातून हद्दपार करायला सांगितले आहे. कौटिल्याचे मत निराळे. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, फासे सरकारी असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारने घ्यावेत, अशी त्याची व्यवस्था आहे. खेळ एका जागी आणण्याचे कारणही तो सांगतो: गुप्तपणे उपजीविका करणारे लोक तेथे ओळखू येतात. याज्ञवल्क्यस्मृतीही नियंत्रणाच्याच बाजूची आहे. म्हणजे जुगाराकडे पाप म्हणून पाहणारा आणि महसूल म्हणून पाहणारा, असे दोन्ही दृष्टिकोन आपल्या शास्त्रकारांनी मांडून ठेवले होते. लोकाचाराने यातून तिसरी वाट काढली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे; त्या दिवशी खेळलेले द्यूत शास्त्रसंमत मानले गेले. येथे सीमा भूमीवर नसून पंचांगात आहे. वर्षातला एक दिवस ‘पलीकडचा’ ठरवून दिला की उरलेले दिवस अलीकडे सुरक्षित राहतात, अशी त्यामागची कल्पना असावी.

कायदा आणि शास्त्र येथवर येऊन थांबतात. खेळणारा घरी परतल्यावर काय होते, हा त्यांचा विषय नसतो. तो साहित्याचा आहे, आणि अतिशय प्राचीन काळापासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४वे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्यात दुरावलेली पत्नी आहे, शोक करणारी आई आहे, दुसऱ्याचे नांदते घर पाहून तळमळणारा जुगारी आहे, आणि शेवटी फासे सोडून शेत नांगर असा उपदेश आहे. त्या काळचे फासे म्हणजे बिभीतकाची, म्हणजे आपल्या बेहड्याची, फळे. विदर्भाच्या रानांत बेहड्याचे झाड आजही सर्वत्र आढळते.

महाभारताचे सभापर्व या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. धृतराष्ट्र द्यूतासाठी एक स्वतंत्र सभा बांधून घेतो. हजार खांबांची, शंभर दारांची, रत्नांनी आणि स्फटिकांनी नटलेली. मग विदुराला पाठवून इंद्रप्रस्थाहून पांडवांना पाहुणे म्हणून बोलावले जाते. ते येतात, रात्री सुखाने विश्रांती घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाला बसतात. दुसऱ्याच्या राज्यात, दुसऱ्याने बांधलेल्या झगमगत्या वास्तूत, दुसऱ्याच्या फाशांनी आणि पाहुणचाराचा संकोच मनात ठेवून हा खेळ होतो. यजमानाने अगोदरच सारे ठरवलेले असते. पाहुण्याला मात्र आपण स्वेच्छेने आलो असे वाटत राहते. द्यूतगृहाची रचना कशी काम करते, याचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

पुढे वनवासात युधिष्ठिर विचारतो की माझ्याइतका दुर्दैवी राजा दुसरा कोणी झाला आहे काय, आणि बृहदश्व ऋषी त्याला नळाची कथा सांगतात. नळ निषध देशाचा, दमयंती विदर्भाची. पुष्कराशी खेळताना नळ सर्वस्व हरतो आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. पुष्कर दमयंतीला पणाला लावायला सुचवतो तेव्हा मात्र तो नकार देतो. ही कथा युधिष्ठिराला ऐकवली जात आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या नकाराचे वजन कळते. दमयंती अनेक हालअपेष्टांतून माहेरी, विदर्भात, परत येते. नळ बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. झाडावर आणि झाडाखाली किती पाने व फळे आहेत ते ऋतुपर्ण एका दृष्टिक्षेपात सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो आणि संख्या बरोबर निघते. त्या बदल्यात अश्वविद्या देऊन नळ ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या देहातला कली बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो.

संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांनाही या प्रसंगाचे कुतूहल वाटले आहे, कारण मोजणी, अंदाज आणि फासे यांचा संबंध त्यात स्पष्ट आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसावी. नळाची सुटका दैवाच्या कृपेने होत नाही, ती मोजायला शिकल्याने होते. जुगाराचे भूत ज्ञानाने उतरते, आणि तेही विदर्भाच्या वाटेवर. मराठीत रघुनाथ पंडितांचे ‘दमयंती स्वयंवर’ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेले. पण त्या आख्यानाची गोडी हंस आणि स्वयंवर यांच्यापाशी रमते. बेहड्याखालची ही मोजणी आपल्या वाङ्मयीन स्मरणात फारशी राहिलेली नाही.

आता एका दागिन्याकडे वळू. खरे तर काही दागिन्यांकडे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा जुगारी दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि एका ओसाड देवळात मूर्तीचे सोंग घेऊन उभा राहतो. तो पाटलिपुत्राचा. उज्जयिनीत आला तो परदेश पाहण्याच्या हौसेने. त्याला सोडवते ती वसंतसेना, हातातले कंकण देऊन. त्यानंतर तो बौद्ध भिक्षू होतो आणि पुढे वसंतसेनेचेच प्राण वाचवतो. याच नाटकात वसंतसेनेने ठेव म्हणून दिलेले दागिने चोरीला जातात. ते आपण जुगारात हरलो असा निरोप चारुदत्त पाठवतो, आणि भरपाईसाठी त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे मराठी रसिकाला ते परके नाही.

आणि तिसरा दागिना थेट मराठी गद्याच्या उगमाशी आहे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची रचना झाली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या पूर्वचरित्रात गुजरातच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव येतो. त्याला द्यूताचा नाद होता. एकदा तो मोठी रक्कम हरला आणि ती फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाईसेकडे तिचे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. वडिलांनी देणे फेडले, पण हरपाळदेवाचे मन संसारातून उडाले. रामयात्रेचे, म्हणजे नागपूरजवळच्या रामटेकचे, निमित्त करून तो घराबाहेर पडला. वाटेत यादवांचा मुलूख होता आणि गुजरातच्या प्रधानपुत्राने त्यात पाऊल टाकणे सोपे नव्हते. बरोबरचा लवाजमा मागे सोडत तो एकटा रिद्धपूरला पोहोचला. तेथे गोविंदप्रभूंची भेट झाली आणि पुढचे सारे घडले. अमरावती जिल्ह्यातील त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

हा प्रसंग नागपूरच्या वाङ्मयीन परिसरात विशेष ओळखीचा असायला हवा. हरि नारायण नेने आणि विष्णु भिकाजी कोलते या दोन नागपूरकर विद्वानांच्या परिश्रमांमुळे ‘लीळाचरित्र’ छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आले. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. तरीही वर्गात हा ग्रंथ शिकवताना आपण भाषेची जुनी रूपे, लहान वाक्ये, तत्कालीन समाज यांवर बोलतो आणि कमळाईसेच्या नकारापाशी थांबत नाही. भाविक त्या घटनेकडे ईश्वरी लीला म्हणून पाहतो, आणि ते त्याच्या श्रद्धेला धरून आहे. पण ग्रंथ म्हणून वाचताना एवढे तरी जाणवावे की धूता, वसंतसेना आणि कमळाईसा या तिघींपैकी दोघी दागिना देतात, एक देत नाही. आणि मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथाला कारणीभूत ठरलेला प्रवास त्या एका नकारानंतर सुरू होतो. हरपाळदेवही सीमा ओलांडतो. मात्र तो खेळण्यासाठी परमुलखात जात नाही, खेळून झाल्यावर जातो.

चौथा दागिना रशियन आहे. १८६६च्या ऑक्टोबरात दस्तयेव्हस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत तोंडी सांगून पूर्ण केली, कारण प्रकाशकाशी झालेल्या करारात तो अडकला होता. ती लिहून घेणाऱ्या आन्ना ग्रिगोऱ्येव्हनाशी त्याने पुढच्याच वर्षी विवाह केला. कादंबरीचे गाव रूलेटेनबुर्ग हे जर्मनीतील काल्पनिक गाव आहे. तेथे सारे परदेशी पाहुणे हॉटेलात उतरलेले असतात. विवाहानंतर ते दांपत्य खरोखरच बाडेन-बाडेनला गेले आणि तेथे आन्नाची कर्णभूषणे, ब्रोच, अखेर लग्नाच्या अंगठ्या गहाण पडल्या. तिच्या दैनंदिनीतून हे जगाला कळले. सीमेपलीकडच्या त्या मुक्कामाचा हिशोब कादंबरीकाराने एका पद्धतीने ठेवला, त्याच्या पत्नीने दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

आता नागपूरकडे परतू. १८५४मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६७ साली दोन गोष्टी घडल्या. मुंबईकडून येणारी आगगाडी नागपूरला पोहोचली आणि सार्वजनिक जुगाराविरुद्धचा कायदा झाला; ज्या प्रांतांसाठी तो केला गेला त्यांत मध्य प्रांताचा उल्लेख होता. मुंबई इलाख्याचा कायदा वीस वर्षांनी, १८८७मध्ये आला आणि राज्य पुनर्रचनेनंतर तो विदर्भासही लागू झाला. आगगाडी आली ती मुख्यतः कापसासाठी. विदर्भाचा कापूस मुंबईमार्गे लँकेशायरला जाऊ लागला. १८७७मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाचा भाव मात्र पिकवणाऱ्याच्या हाती कधीच नव्हता. तो लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कला ठरत असे.

याच भावांनी पुढे महाराष्ट्राला त्याचा स्वतःचा जुगार दिला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारे आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैजा लावत. १९६०नंतर तो मार्ग बंद झाल्यावर आकडे माठातून चिठ्ठ्या काढून ठरवले जाऊ लागले आणि ‘मटका’ हा शब्द रूढ झाला. ज्या पिकावर विदर्भातील लक्षावधी कुटुंबे जगत होती, त्याच्या भावाचे शेवटचे अंक गिरणगावातील कामगाराच्या पैजेचे साधन झाले. ऋग्वेदातील सूक्त फासे टाकून नांगर धरायला सांगते. येथे नांगराचेच उत्पन्न फाशाच्या रूपात परत आले होते. शेती हा जुगार आहे, असे आपण सहज बोलून जातो. पण जुगारी उठून जाऊ शकतो, शेतकऱ्याला ती मोकळीक नसते. म्हणून ही उपमा जपून वापरावी.

यानंतरचे वर्ष फार महत्त्वाचे आहे: १९७६. आणीबाणीचा काळ. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र विधिमंडळाने ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’ मंजूर केला. त्याच वर्षी, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशात सार्वजनिक जुगारविरोधी कायदा झाला. म्हणजे १९७६मध्ये कॅसिनोला दार उघडणारा कायदा महाराष्ट्राचा होता आणि जुगार रोखणारा कायदा गोव्याचा. पुढे दोहोंचेही उलटे झाले. महाराष्ट्राचा कायदा अंमलात आणण्याची तारीख सरकारने कधीच अधिसूचित केली नाही. तो छापील रूपात अस्तित्वात होता आणि व्यवहारात नव्हता. अधूनमधून कोणी तो लागू करावा अशी मागणी करी, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंतही गेले. अखेर ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे विधिमंडळाने तो मोडीत काढला. सत्तेचाळीस वर्षे एक द्यूतगृह महाराष्ट्राच्या कायद्याच्या पुस्तकात बांधून तयार होते, पण त्याचे दार एकदाही उघडले नाही.

गोव्यात १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना परवानगी मिळाली आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलाचे खेळ चालवण्याची मुभा दिली. शतक संपता संपता मांडवीत पहिले कॅसिनो जहाज आले, मग आणखी आली. गोव्याचे कॅसिनो हा पोर्तुगीजांचा वारसा आहे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ते मुक्त गोव्याच्या, लोकांनी निवडून दिलेल्या विधानसभेने केलेल्या दुरुस्त्यांचे फळ आहे. आणि १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळायला मनाई करण्यात आली. मोनाको आणि नेपाळ यांचा हिशोब मांडवीच्या तीरावरही लागू झाला. ज्याने आपल्या माणसांसाठी दार बंद केले, त्याला आत काय चालते याची कल्पना होती, एवढे या मनाईतून निश्चित कळते.

या सीमेची दोन स्मरणे मराठी माणसाने जपावीत अशी आहेत. एक पत्रादेवीचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही याच सीमेवरून आत शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांत महाराष्ट्रातले होते, तसेच दूरदूरच्या प्रांतांतले होते. तेथे हुतात्मा स्मारक आहे. सत्याग्रह्यांना ती सीमा पुसायची होती. आज तिच्यावरून जाणाऱ्या काही गाड्यांना ती तशीच असायला हवी असते, कारण ती आहे म्हणून पलीकडे काही विकले जाते. दुसरे स्मरण नाक्याच्या अलीकडच्या सावंतवाडीचे. तेथे लाखेच्या रंगकामाचे गंजिफे बनतात. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. मासा, कासव, वराह अशी चित्रे हाताने रंगवलेली. ही कला लोपत चालली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने तिचे पुनरुज्जीवन केले. खेळाचे पान ही एक सुंदर वस्तू असू शकते आणि डाव हा मनाचा व्यायाम असू शकतो, हे त्या पानांकडे पाहून पटते. सारेच खेळ एका मापाने मोजण्याचे कारण नाही. १८६७च्या कायद्यानेही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेच होते.

मात्र आता हा सीमेचा प्रश्नच नव्या वळणावर आला आहे. जुलै २०२३मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांत आली. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या हिशोबात सोने सापडले. या खेळासाठी कोणाला गोव्याला जावे लागले नाही, हॉटेलात खोली घ्यावी लागली नाही, हिवाळ्याची वाट पाहावी लागली नाही. केंद्र सरकारने २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. दुसरीकडे कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३मध्ये पणाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५मध्ये ४० टक्के झाला. मनूची हद्दपारी आणि कौटिल्याचा महसूल ही दोन्ही धोरणे आज एकच राज्यसंस्था एकाच वेळी राबवते आहे. फरक इतकाच की कौटिल्य शेकड्यास पाच घेत होता.

सीमेपलीकडच्या द्यूतगृहाचा एक गुण मान्य करायला हवा. तेथे जाण्यासाठी निघावे लागे, आणि निघणाऱ्याला परतावेही लागे. घरापासूनचे ते अंतर थोडेफार संरक्षण देत होते. ऋतुपर्णाच्या रथालाही झाडाखाली थांबायला, मोजायला अवधी मिळाला. हातातल्या यंत्रावर रात्री दोन वाजता खेळणाऱ्याला कोणतेच झाड लागत नाही. त्याचे द्यूतगृह त्याच्या उशाशी आहे आणि त्याची कमळाईसा शेजारी झोपलेली आहे. तिच्याकडे दागिना मागण्याचीही गरज उरलेली नाही, कारण कर्जही त्याच यंत्रावर मिळते. ज्या एका नकाराने हरपाळदेवाचे आयुष्य वळले, तो देण्याची संधीच या व्यवस्थेने घरातून काढून घेतली आहे.

दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने मराठी मनावर कायमचे कोरले. जुगाराच्या वाट्याला मराठीत तसे नाटक अद्याप आलेले नाही, असे मला वाटते. कदाचित द्यूत आपण पुराणकथेत ठेवून दिले आणि मटका पोलिसांच्या बातम्यांत. त्या दोहोंमधले घर लिहायचे राहून गेले. वास्तविक त्याची सामग्री आपल्याजवळ पहिल्यापासून आहे. ‘लीळाचरित्रा’तील तो प्रसंग पुन्हा काढून वर्गात वाचावा, त्याच्या शेजारी ‘मृच्छकटिका’चा दुसरा अंक आणि नळोपाख्यान ठेवावे, आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की अलंकार देताना धूतेच्या मनात काय होते आणि न देताना कमळाईसेच्या मनात काय होते. म्हाइंभटांनी तिचा नकार नोंदवला, कारण सांगण्याचे त्यांच्या ग्रंथाला प्रयोजन नव्हते. ते काम मागाहून आलेल्या लेखकांचे आहे.